शरदाची सजावट : ओलं दारात, कोरडं घरात

सप्टेंबर संपत आला की फोनवर केशरी मेपलची पानं, छोटे छोटे भोपळे, पाइनचे कोन असले फोटो धडाधड यायला लागतात आणि मग आपल्याकडची मंडळीही ऑनलाइन प्लास्टिकच्या मेपलच्या माळा मागवून बसतात. अहो पण आपल्याकडे शरदात पानगळ असतेच कुठे! आपली पानं गळतात शिशिरात. आश्विन-कार्तिकात आपल्याकडे असतं ते वेगळंच, हळवं (लवकर तयार होणारं) भात पिवळं पडायला लागलेलं, बाजरीची कणसं तयार, झेंडूचे ढीग, बांधावर कुर्डू फुललेला, माळावरचं गवत हिरव्याचं सोनेरी होत चाललेलं, विदर्भात कापूस फुटायला लागलेला, आणि डोक्यावर ऑक्टोबर हीट. मग सजावट करायची तर ह्याचीच करूया ना, बहुतेक सगळं मंडईत किंवा गावाकडच्या बांधावर मिळतं आणि प्लास्टिकपेक्षा स्वस्त पडतं.

फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, ओलं आणि कोरडं एकत्र करायचं नाही. झेंडू, आंब्याची पानं, शेवंती ही ओली सजावट, ती दोन-तीन दिवसांची पाहुणी, तिची जागा दारात, उंबऱ्यावर, बाल्कनीत. लोंब्या, कणसं, गवत, बोंडं, दाबलेली पानं ही कोरडी, ती घरात लावायची, दसऱ्याला लावली तर तुळशीच्या लग्नापर्यंत आणि पुढेही आरामात राहते. दोन्ही एकाच माळेत गुंफलं की झेंडूचा ओलावा लोंब्यांना लागतो, चार दिवसांनी बुरशी, मग सगळंच कचऱ्यात. मिक्स लावायचंच असेल तर दोन-तीन दिवसांसाठी लावा, मग झेंडू काढून टाका आणि लोंब्या वाळवून परत वापरा.

सुरुवात पितृपक्षात करा. पक्षपंधरवड्यात नवीन खरेदी करत नाहीत म्हणतात, पण गवत वाळत टाकायला कोणाचीच हरकत नसते :) आणि वाळवायला वेळ लागतोच. तेव्हा काय काय वाळत घालायचं ते बघा.

कुर्डू हा माझा सगळ्यात आवडता, कारण फुकट. पावसाळ्यात ह्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात तोच, नंतर शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर पांढरे-गुलाबी तुरे येतात ते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तण आहे त्यामुळे घ्या बिनधास्त. लांब दांडी ठेवून कापा, खालची पानं सगळी काढून टाका (पानं ठेवली तर ती काळी पडतात आणि कुजकट वास येतो), दहा-बारा दांड्यांची जुडी करून रबरबँडने बांधा. सुतळीने नको, कारण वाळताना दांड्या बारीक होतात आणि सुतळीतून एकेक सुटून खाली पडते, रबरबँड आपोआप आवळत जातो. मग उलटं टांगायचं. उन्हात नाही हं, उन्हात रंग उडतो. अंधाऱ्या, हवा खेळती असलेल्या जागी. फ्लॅटमध्ये अशी जागा म्हणजे ड्राय बाल्कनीचा सावलीतला कोपरा, नाहीतर कपड्यांचा हँगर घेऊन दाराच्या मागे. मुंबई-कोकणात सप्टेंबरची हवा दमट असते, तिथे खोलीत टांगून पंखा चालू ठेवा. साधारण दहा-पंधरा दिवसांत कडक होतं. खाली पेपर टाकून ठेवा, त्याचं चकचकीत काळं बी मोहरीपेक्षा बारीक असतं आणि घरभर पसरतं. कोंबड्याची फुलं, ती मखमली तुऱ्यासारखी लालभडक असतात ना, तीही अशीच वाळवायची, त्यांचा रंग जवळजवळ तसाच राहतो.

भाताच्या लोंब्या आणि बाजरीची कणसं. कोकणात, मावळात, मुळशी-भोरकडे कोणी ओळखीचं असेल तर आत्ताच सांगून ठेवा. हळवं भात दसऱ्याच्या आसपास तयार होतं, गरव्याला, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भाताला, अजून महिनाभर असतो. लोंबी पूर्ण पिकायची वाट बघू नका, दाणा भरलाय पण लोंबी अजून थोडी हिरवट आहे अशा वेळी कापायची, पूर्ण पिकली की हात लावला तरी दाणे झडतात. गाव नसेल तरी अडत नाही, दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात काय किंवा पुण्याच्या मंडईत काय, लोंब्यांच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका असतातच. घासाघीस फार करू नका, त्या बाईने पहाटे उठून कापून आणलेल्या असतात. बाजरीचं कणीस जरा जाड, राखाडी-हिरवट, एकटं उभं ठेवलं तरी छान दिसतं. नाचणीचं मिळालं तर सोडू नकाच, मुठीसारखी आत वळलेली बोटं असतात ती, एवढी सुंदर गोष्ट आपण फक्त भाकरीत घालतो.

माळावरचं गवत आणताना एक सांभाळा, कुसळी गवत घरात आणू नका. दिसायला झकास असतं पण त्याची कुसळं मोज्यात, सोफ्यात, घरात कुत्रं असेल तर त्याच्या कातडीत घुसतात. मऊ तुऱ्यांचं गवत घ्या. आणि कास पठार किंवा तसल्या राखीव ठिकाणी जाल तर काहीही तोडू नका, तिथे फक्त फोटो.

पिंपळपानाची जाळी दिवाळीपर्यंत हवी असेल तर तीही पितृपक्षातच भिजत घालावी लागते. जून, न फाटलेली पानं बादलीत पाण्याखाली बुडवून ठेवायची, वर ताटली आणि दगड. पाणी आठवड्याला बदलायचं. तीन-चार आठवड्यांत हिरवा गर सडून सुटा होतो, मग पान ताटात ठेवून जुन्या टूथब्रशने अगदी हलक्या हाताने घासायचं, वाहत्या पाण्याखाली, मागे नुसती जाळी उरते. मग पेपरमध्ये दाबून ठेवायचं. ही प्रोसेस घाण वासाची आहे हे आधीच सांगते, शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तरच करा. आणि बादली झाकूनच ठेवा, हा डेंग्यूचा सीझन असतो, उघडं पाणी आठवडाभर ठेवलं तर जाळी मिळायच्या आधी डास मिळतील.

शेवंती किंवा छोटे गुलाब आकारासकट वाळवायचे असतील तर उलटं टांगून उपयोग नाही, आक्रसतात. त्यांना सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) लागतं, किंवा साधी नदीची बारीक वाळू, चाळून, धुऊन, कडक वाळवून. डब्यात तळाला वाळूचा थर, त्यावर फूल, मग चमच्याने हळूहळू पाकळ्यांच्या मधे वाळू सोडत पूर्ण झाकून टाकायचं. सिलिका असेल तर झाकण घट्ट लावा, आठवड्याभरात होतं. वाळू असेल तर डबा उघडाच ठेवा आणि दोन-तीन आठवडे हात लावू नका. मला विचाराल तर शेवंतीसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा ताजी आणावी, स्वस्त असते, पण कोणाला हौस असेल तर पद्धत ही.

आता तोरण. सगळ्यात जास्त गडबड इथेच होते म्हणून जरा सविस्तर.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी झेंडू घ्यायला जाऊ नका, भाव चढलेला आणि माल चुरडलेला. आदल्या दिवशी संध्याकाळी घ्या. नेहमीच्या साइजच्या दाराला अर्धा किलो झेंडू पुरतो, चौकटीच्या दोन्ही बाजूंनी खाली सोडायचं असेल तर किलोभर. घेताना फूल उलटं करून देठाकडे बघा, हिरवा भाग टणक हवा, मऊ किंवा काळपट असेल तर आतून सडायला लागलंय. पावसात भिजलेला झेंडू स्वस्त मिळतो, वरून चांगला दिसतो, पाकळ्यांच्या मुळाशी पाणी असतं आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी लगदा. भिजलेलाच मिळाला तर घरी आल्या आल्या चादरीवर पसरून पंख्याखाली रात्रभर. झेंडू धुवायचा नाही आणि प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवायचा नाही. पेपरात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, नाहीतर नुसता फरशीवर पसरून ठेवा.

ओवायला साधी शिवणाची सुई नको, हात दुखतो. दाभण किंवा गोणी शिवायची मोठी सुई घ्या. दोरा दुहेरी, जाड, नायलॉनचा नको कारण मग तोरण कंपोस्टमध्ये टाकता येत नाही. गजरेवाल्या केळीच्या सोपाचा दोरा वापरतात तो मिळाला तर उत्तमच, पण झेंडूचं वजन त्याला झेपत नाही, तो पानांसाठी ठेवा. सुई देठाच्या बाजूने घालून फुलाच्या मध्यातून काढायची. दोऱ्याची लांबी दाराच्या रुंदीपेक्षा फूटभर जास्त घ्या, नाहीतर तोरण ताठ दोरीसारखं दिसतं, थोडा झोल हवा. फुलं एकमेकांना दाबून घट्ट बसवू नका, मधे हवा राहिली तर एक दिवस जास्त टिकतात.

आंब्याची पानं नुसती टोचून लावली की संध्याकाळपर्यंत आत वळतात आणि चुरगळल्यासारखी दिसतात. त्याला उपाय म्हणजे पान देठाकडून थोडं दुमडून घ्यायचं आणि त्या दुमडलेल्या भागातून दोरा न्यायचा, किंवा पानाचा द्रोणासारखा शंकू करून खराट्याच्या हिराची काडी तोडून टोचायची, शंकूच्या तोंडात एक छोटा झेंडू. हे तोरण सुकलं तरी आकार सोडत नाही. पानं जून, गडद हिरवी घ्या, तांबूस कोवळी पालवी दिसायला गोड पण दोन तासांत मान टाकते. पानं आदल्या रात्री तासभर पाण्यात बुडवून, पुसून मग ओवा, फरक कळेल.

कोकणात दसऱ्याला, कुठे नव्याच्या पौर्णिमेला, दारावर 'नवं' बांधतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, कुर्डू, आंब्याचं पान, झेंडू अशी छोटी जुडी करून चौकटीला. काय काय घालायचं ते गावागावाप्रमाणे बदलतं. माझ्या मते फ्लॅटच्या दारासाठी ह्याच्याइतकी नेटकी गोष्ट नाही, तळहाताएवढी जुडी, एक खिळा, झालं काम. लॅच असलेल्या दाराला लांब तोरण सारखं अडकतं, जुडी अडकत नाही. आणि ती वर्षभर तशीच ठेवतात त्यामुळे झेंडू-पान सुकलं तरी चालतं, फक्त ती उघड्यावर दाराबाहेर असावी म्हणजे ओलावा साचत नाही.

दसऱ्याचं सोनं. आपट्याच्या नावाखाली कांचनाची झाडंही ओरबाडली जातात, सजावटीसाठी वेगळ्या फांद्या आणून त्यात भर घालू नका. दसऱ्याच्या रात्री प्रत्येक घरात वाटलेल्या पानांचा ढीग पडलेलाच असतो, तोच वापरा. त्याच रात्री, पानं वळायच्या आत, रद्दी पेपरांच्या मधे एकेक पान मोकळं ठेवून वर जड पुस्तकं किंवा पाटा ठेवा. पहिले तीन-चार दिवस पेपर बदलायचे, मग आठवडाभर विसरून जा. ती जोडपानं दाबल्यावर अप्रतिम दिसतात. घटात उगवलेलं धानही असंच दाबून वाळवता येतं, अंधारात वाढलेलं असल्यामुळे त्याचा फिकट पिवळा रंग फार छान असतो, फ्रेममध्ये लावलं तर लोक विचारतात हे काय आहे. पण काही घरांत ते विसर्जन करायचा रिवाज असतो तेव्हा आधी घरातल्या मोठ्यांना विचारा, उगाच सणासुदीला वाद नको.

ह्या दाबलेल्या पानांचा आकाशकंदील करा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विकत मिळतो, किंवा पोरांना बसवून बांधून घ्या. पतंगाच्या कागदाऐवजी बटर पेपर. गव्हाच्या पिठाची खळ करायची, त्यात चिमूटभर तुरटी, बटर पेपरला पातळ हात द्यायचा, त्यावर आपट्याची पानं, पिंपळाची जाळी, एखादी लोंबी चपटी करून, आणि वरून दुसरा बटर पेपर. हवेचे फुगे कापडाने बाहेर ढकला. सपाट जागेवर पूर्ण वाळू द्या आणि मगच कामट्यांना चिकटवा, ओला लावलात तर ताणून फाटतो. आत फक्त एलईडी बल्ब, जुना पिवळा बल्ब तापतो. दिवा लागला की पानांच्या शिरा न् शिरा दिसतात, बाजारातला कुठलाच कंदील ह्याच्यापुढे टिकत नाही असं माझं मत, मग कोणी काही म्हणो.

घरातल्या भिंतीसाठी किंवा दाराच्या आतल्या बाजूला वेलीचं कडं करा. तयार वायरच्या रिंगा मिळतात पण कशाला. मधुमालती, कृष्णकमळ असल्या वेली पावसाळ्यानंतर छाटाव्याच लागतात, त्या छाटलेल्या फांद्या पानं काढून ताज्या असतानाच गोल गुंडाळायच्या, तीन-चार फेरे, टोक आत खोचायचं, बस, वाळल्यावर लाकडासारखं कडं तयार होतं. गुळवेलीचं कडं करायचा मोह होतो कारण ती जाड आणि लवचिक, पण सावधान, गुळवेल तोडून टांगली तरी मरत नाही, भिंतीवर आठवडाभरात हिरवे कोंब काढते. कोणाला आवडेलही म्हणा! कड्यावर कुर्डू, लोंब्या, समुद्रकाठच्या सुरूची छोटी बोंडं, एखादं बाजरीचं कणीस, सगळं एका बाजूला, खालच्या डाव्या कोपऱ्यात गर्दी करून बांधा आणि बाकीचं कडं रिकामं सोडा. सगळीकडे सारखं पेरलं की लग्नाच्या स्टेजसारखं दिसतं. ग्लू गन कमी वापरा, सुंभ नाहीतर सुतळीने बांधा, पुढच्या वर्षी सोडून परत बांधता येतं.

लोंब्यांचं झुंबर करायचं तर कामटीचं वीतभर व्यासाचं कडं, त्याला दहा-दहा लोंब्यांच्या जुड्या उलट्या बांधत जायचं, प्रत्येक पुढची जुडी आधीच्या जुडीच्या गाठीवर येईल अशी, म्हणजे दोरा दिसत नाही. हे बाल्कनीत टांगलंत तर चिमण्या येतील असं सगळे सांगतात. येतातही, जिथे चिमण्या आहेत तिथे. शहरात आधी कबुतरं येतात आणि दोन दिवसांत झुंबराचा खराटा करतात. कबुतरांचा त्रास असेल तर ते आत टांगा.

आत टांगायचं म्हणजे किड्यांचा प्रश्न आला. धान्य आहे, सोंडे होणार. लोंब्या-कणसं पूर्ण वाळल्यावर पेपरात आणि मग पिशवीत बांधून तीन-चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, रूम टेंपरेचरला येऊ द्या नाहीतर पाणी सुटतं. ह्याने किडे आणि अंडी दोन्हीचा बंदोबस्त होतो. फ्रीझरला जागा नसेल तर दोन दिवस कडक ऊन दाखवा, रंग थोडा उतरेल पण चालेल. उंदीर असलेल्या जुन्या घरात कणसं जमिनीवर फुलदाणीत ठेवू नका, एवढं सांगणे न लगे.

लाल भोपळा. हा परदेशी फोटोंतला एकमेव प्रकार जो आपल्याकडेही तितकाच मुबलक आहे, काही ठिकाणी डांगर म्हणतात. देठ असलेला घ्या, देठ तुटलेला तिथूनच सडतो. नखाने साल टोचली जात नाही इतका निबर हवा. कोरड्या फडक्याने पुसायचा, खाली सुंभाची चुंबळ करून त्यावर ठेवायचा म्हणजे बूड दमट राहत नाही. न कापलेला भोपळा असा महिना-दोन महिने कोपऱ्यात मस्त बसतो, शेजारी एक तांब्या-पितळेचं घंगाळ ठेवलंत की अजून काही लागत नाही. कोरून आत दिवा लावायच्या भानगडीत पडू नका, आपल्या उकाड्यात कापलेला भोपळा दुसऱ्या दिवशी वास मारतो. कंटाळा आला की घारगे करा.

घंगाळात पाणी घालून झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या सोडायच्या तर पाणी रोज नाहीतर एक दिवसाआड बदला, परत तेच, डास.

कोजागिरीला गच्चीवर किंवा बाल्कनीत बसणार असाल तर पांढरी शेवंती आणि वाळलेलं गवत, एवढंच पुरे, चांदण्यात केशरी रंग काळाच दिसतो.

दिवाळीत मात्र एक गोष्ट गंभीरपणे घ्या. वाळलेलं गवत, कापूस, लोंब्या हे सगळं सरपण आहे. पणतीपासून किमान दोन-तीन हात लांब, आणि खिडकीजवळ नको जिथे पडद्याबरोबर उडून ज्योतीवर जाईल. दारात पणत्या लावणार असाल तर दारातलं कोरडं सामान चार दिवस आत घ्या आणि ताजी तोरणं लावा, तेव्हा झेंडू परत मिळतोच. गॅलरीत फटाक्याची ठिणगी येऊ शकते हेही लक्षात ठेवा. लहान मुलं असतील तर लालचुटुक गुंजा आणि कोकणातल्या कुंपणांवर लोंबणारी ती केशरी-लाल कवंडळं सजावटीत घेऊ नका, दोन्ही विषारी. गोव्यात चतुर्थीच्या माटोळीत (गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची चौकट) कवंडळं असतात पण ती उंच, डोक्यावर टांगलेली असतात, आपल्या टीपॉयवर नसतात.

माटोळीवरून आठवलं, ज्यांना गणपतीतली माटोळी बघायची सवय आहे त्यांना तीच कल्पना शरदात वापरता येईल. बाल्कनीच्या छताला एक आडवी बांबूची चौकट, त्याला सुंभाने सुपारीचं शिपटं (घड), असोल्या (न सोललेल्या) नारळांची जोडी, कणसं, वाळलेली घोसाळी असं एकेक लोंबतं सोडायचं. उंची कमी-जास्त ठेवा. घोसाळं वेलीवरच वाळू दिलं की हलकं होतं, हलवलं की आतलं बी वाजतं, आणि उतरवल्यावर त्याचीच अंघोळीची घासणी होते.

कापसाची बोंडं विदर्भ-मराठवाड्यातल्या लोकांना सांगायला नको. वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमाराला सुरू होते, शेतात अख्खी पऱ्हाटी (कापसाचं झाड) कापायला कोणी देणार नाही कारण अजून बोंडं फुटायची असतात, पण एखादी वाऱ्याने मोडलेली फांदी मिळते. शहरात ह्याच फांद्या 'कॉटन स्टेम' म्हणून भारी भावाने विकतात, तिकडे भावाचं रडगाणं आणि इकडे हे, असो. बोंडाची टोकं टोचतात, फांदी दोन दिवस उन्हात ठेवून जोरात झटकून मगच घरात घ्या, बोंडात गुलाबी अळी असू शकते.

आणि ज्यांना ते पम्पास ग्रास, म्हणजे मोठ्या मऊ तुऱ्यांचं परदेशी गवत, हवं असतं त्यांच्यासाठी खास, उसाचा तुरा. साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे उसाला तुरे येतात. तुरा आला की उसाची वाढ थांबते, पुढे साखरेचा उताराही घटतो, त्यामुळे शेतकऱ्याला त्याचं कौतुक नसतं, मागितलात तर हसत देईल. नुकता बाहेर पडलेला, चंदेरी-जांभळट, रेशमासारखा चमकणारा असतानाच कापा, पूर्ण फुलला की म्हातारीसारखा उडायला लागतो. पाणी न घालता उंच माठात उभा ठेवायचा, वाळताना टोक आपोआप छान झुकतं. घराबाहेर नेऊन हेअरस्प्रेचे दोन हात द्या, झडणं बरंच कमी होतं. तुळशीच्या लग्नाला मांडवासाठी ऊस आणताच, तेव्हाच तुऱ्यासकट मिळतोय का विचारायचं.

परदेशात असाल, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे वगैरे, तर गंमत उलटी. तिथे पानं खरंच रंगतात, मग तीच वापरा, मेपलची पानं रद्दीत दाबून, वितळलेल्या मेणात एकदा बुडवून काढली तर रंग बराच काळ टिकतो, आणि त्यांचं तोरण आंब्याच्या पानांसारखंच ओवता येतं. झेंडू अंगणात किंवा कुंडीत लावलेला असेल तर थंडीने पहिलं दव गोठायच्या आत तोडून घ्या, एका रात्रीत काळा पडतो. रंगीबेरंगी दाण्यांचा वाळलेला मका तिकडे सजावटीसाठीच विकतात, आपल्या कणसांच्या जागी तो. भारतातून लोंब्या, बिया, आंब्याची पानं बॅगेत घालून न्यायच्या फंदात पडू नका, कस्टम्सवाले काढून घेतात आणि दंडही होऊ शकतो. आंब्याची पानं सणाच्या दिवसांत इंडियन ग्रोसरीत मिळतात.

उतरवताना सुतळी, तार, मणी आधी वेगळे करा. झेंडू सुकला असेल तर फूल मुठीत चुरा, खालचं काळं-पांढरं काडीसारखं जे असतं ते बी, कुंडीत पसरून वर मातीचा पातळ थर टाका, उगवतं. बाजारातला झेंडू बरेचदा हायब्रीड असतो त्यामुळे फुलं तशीच टपोरी येतीलच असं नाही. उरलेल्या पाकळ्या उकळून त्यात तुरटी घातली की पांढऱ्या सुती रुमालाला छान पिवळा रंग चढतो. आंब्याची पानं कंपोस्टमध्ये लवकर कुजत नाहीत, कात्रीने बारीक करून टाका. कुर्डू आणि लोंब्या पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या तर जुन्या उशीच्या अभ्र्यात, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, माळ्यावर. प्लास्टिकच्या पिशवीत नको. कुर्डूच्या बियांचा पेपरवर पडलेला सडा सोसायटीच्या बागेत टाकू नका, माळीकाका पुढच्या पावसाळ्यात तुमच्या नावाने ओरडतील.